सव्वा महिन्याचा हिशेब

पुण्यात कुठल्याही प्रसूतिगृहात नाव नोंदवायला आलेल्या बाईला पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवटची पाळी कधी आली? तारीख कागदावर येते, तिच्यावरून बाळंतपणाची तारीख निघते आणि पाळीचं काम तिथं संपतं. ती पाळी किती दिवस चालायची, रात्री उठून पॅड बदलावं लागायचं का, चादरीखाली प्लास्टिक घालून झोपावं लागायचं का, शाळेत असताना त्या दिवसांत घरी राहावं लागायचं का, हे लिहायला फाइलमध्ये जागाच नसते. रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ यांचे चौकोन मात्र ओळीनं छापलेले असतात. रक्ताच्या आजारांच्या ओपीडीत बसणाऱ्या माणसाच्या हातात ही फाइल येते ती बहुधा उशिरा, आणि येते तेव्हा तारखा सगळ्या असतात, मोजमाप नसतं. बाळंतपणाच्या आगेमागे उघडकीला येणारे रक्त गोठण्याचे दुर्मीळ विकार हातून का निसटतात, याचं माझं उत्तर या रिकाम्या जागेपाशी येऊन थांबतं. महागड्या तपासण्या नाहीत ही तक्रार खरी आहे, पण ती दुसऱ्या क्रमांकाची. आपण रक्ताचा हिशेब बाळंतपणाच्या एका दिवसापुरता ठेवतो. त्याआधीची दहा-पंधरा वर्षांची पाळी आणि त्यानंतरचा सव्वा महिना या दोन्ही टोकांना वहीत पान नाही, आणि हे विकार नेमके त्या दोन टोकांना दिसतात.

यांतला सगळ्यात जास्त आढळणारा विकार तर एका मुलीमुळेच वैद्यकाला कळला. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या ऑलंड बेटांवरची पाच वर्षांची मुलगी १९२४ मध्ये एरिक फॉन विलेब्रांड या फिनिश डॉक्टरकडे आणली गेली. त्यांनी तिच्या घराण्याचा अभ्यास करून १९२६ मध्ये निबंध लिहिला. हिमोफिलियासारखं रक्त वाहतं, पण इथं बायकांनाही, हे त्यांनी नोंदवलं. ती मुलगी पुढं तिच्या चौथ्या पाळीत रक्तस्रावानं गेली. आज त्या विकाराला विलेब्रांड यांचं नाव आहे. ज्या घटकाची त्यात उणीव असते तो रक्तातला एक लांबलचक रेणू. फाटलेल्या रक्तवाहिनीच्या भिंतीला प्लेटलेट चिकटवणं हे त्याचं काम, आणि रक्त गोठवणाऱ्या साखळीतल्या फॅक्टर आठ या घटकाला सांभाळून नेणं हेही त्याचंच. (डेंग्यूच्या दिवसांत आपल्याकडे प्लेटलेटलाच ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात. नाव चुकीचं आहे, पण भीती बरोबर जागी आहे.) सांगण्यासारखा त्रास होईल इतकी उणीव साधारण हजारात एकाला असते. पुणे शहराच्या लोकसंख्येत ही संख्या काही हजारांत जाते. या काही हजारांपैकी किती जणींच्या कागदावर हे नाव लिहिलेलं आहे, हा प्रश्न कुठल्याही प्रसूतिगृहानं स्वतःला विचारून पाहावा.

गरोदरपणाची गंमत, किंवा दगा, असा की ते हा विकार झाकतं. वार सुटते तेव्हा गर्भाशयाच्या भिंतीत उघड्या पडणाऱ्या वाहिन्यांतून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. त्या क्षणासाठी शरीर आधीपासून तयारी करतं. गुठळीचे धागे ज्यातून बनतात ते फायब्रिनोजेन एरवी शंभर मिलिलिटर रक्तरसात २०० ते ४०० मिलिग्रॅम असतं, ते ४०० ते ६०० वर जातं. विलेब्रांड घटक आणि फॅक्टर आठ दुप्पट-तिप्पट वाढतात. ज्या बाईची पातळी मुळात शंभरात ३० आहे तिची नवव्या महिन्यात ७० किंवा ९० भरते, आणि त्या दिवशी केलेली तपासणी तिला निरोगी ठरवते. बाळ होतं. गर्भाशय आवळतं, त्याचे स्नायू वाहिन्यांना चिमटीत धरतात, आणि पहिल्या तासाचा रक्तस्राव मुख्यतः या चिमटीनं थांबतो. रक्ताच्या गोठण्याची खरी परीक्षा नंतर असते, जखम भरून यायच्या दिवसांत. नेमकी तेव्हाच पातळी उतरू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत मूळ जागी येते. टाके काढून झालेले असतात, बाळंतीण घरी गेलेली असते, आणि आठव्या-दहाव्या दिवशी अंगावरून पुन्हा लालभडक जाऊ लागतं. घरात म्हणतात, ‘जातंच बाळंतिणीला, आतली घाण बाहेर पडते.’ दवाखान्यात म्हणतात, वारेचा तुकडा राहिला असेल. तुकडा खरोखर राहिलेला असू शकतो, सोनोग्राफी करायलाच हवी. पण ती स्वच्छ आली, तरी पिशवी साफ करायची घाई होते. ज्या रक्ताला गोठता येत नाही त्याला आणखी एक जखम मिळते.

आता कुणी म्हणेल, सिझेरियनच्या आधी बीटी-सीटी करतोच की. करतो, आणि तिथंच फसतो. कानाच्या पाळीला किंवा बोटाला टोचून टिपकागदानं रक्त टिपत घड्याळ बघायचं, बारीक काचनळी तोडत तोडत धागा कधी येतो ते पाहायचं, या तपासण्या आपल्या लहान प्रयोगशाळांतून अजून सर्रास चालतात. सौम्य आणि मध्यम विकार त्या पकडत नाहीत, आणि टोचणाऱ्याच्या हातानुसार आकडा बदलतो. कानाच्या पाळीवर विसंबून राहायचं आणि दुसऱ्या पाळीबद्दल विचारायचंही नाही, हे मला कधीच उमगलं नाही. रक्तरस गोठायला किती सेकंद लागतात ते मोजणाऱ्या पीटी आणि एपीटीटी या तपासण्या बऱ्या, पण त्याही साखळीचा एकच तुकडा बघतात. विलेब्रांडच्या सौम्य रुग्णांत त्या बहुधा नॉर्मल येतात. ग्लान्झमनच्या विकारात, म्हणजे प्लेटलेट मोजायला भरपूर पण एकमेकींना धरत नाहीत अशा वेळी, नॉर्मल येतात. फॅक्टर तेराच्या उणिवेतही नॉर्मल येतात. हा तेरावा घटक गोठलेल्या गुठळीला शेवटचे टाके घालतो. तो नसला तरी गुठळी वेळेवर होते, फक्त टिकत नाही. त्याची जुनी चाचणी बघण्यासारखी आहे. नळीत गुठळी तयार करतात, ती युरियाच्या कडक द्रावणात टाकतात आणि रात्रभर ठेवतात. दुसऱ्या दिवशी निरोगी माणसाची गुठळी तळाशी भिजवलेल्या आमसुलासारखी तशीच पडलेली असते. तीव्र उणीव असलेल्याची विरघळून गेलेली असते आणि नळीत नुसतं पाणी दिसतं. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. लागते ती शंका. आणि शंका येते ती आजीला विचारलेल्या एका प्रश्नातून: हिची नाळ पडली तेव्हा रक्त थांबत नव्हतं का? तेरावा घटक नसलेल्या बाळाची ती पहिली खूण असते. आजीला ती तीस वर्षांनीही आठवते, कारण त्या रात्री घर जागलेलं असतं.

फॅक्टर तेराची तीव्र उणीव वीस लाखांत एखाद्याला. मग तिच्यासाठी एवढं कशाला, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उडवून लावता येत नाही. पण या उणिवेची बाई दवाखान्यात ‘वीस लाखांतली एक’ म्हणून येत नाही, ती ‘वारंवार गर्भपात’ या फाइलीतून येते. तेरावा घटक अजिबात नसेल तर गर्भ टिकणंच कठीण असतं. महिन्याच्या महिन्याला तो घटक किंवा तो हाती नसला तर क्रायो (गोठवलेल्या रक्तरसातून काढलेला गोठण-घटकांचा साका) मिळत राहिलं, तर गर्भ टिकतो आणि मूल होतं. हा घटक रक्तात नऊ ते चौदा दिवसांनी निम्म्यावर येतो, म्हणून महिन्याला एक-दोन वेळा पुरतं. आता याच बाईचं आपल्या शहरात एरवी काय होतं ते बघा. दोन गर्भपात झाले की गुठळ्या होण्याच्या प्रवृत्तीच्या तपासण्यांचा संच लिहिला जातो, त्यात कुठलीतरी एक गोष्ट किंचित इकडेतिकडे निघते, आणि पोटावर हेपॅरिनच्या सुया सुरू होतात. रक्त पातळ करणारं औषध, तेही कदाचित अशा बाईला जिचं रक्त मुळात घट्ट बसत नाही. एमटीएचएफआर नावाची जनुक-तपासणी तर या संचात हमखास असते. अमेरिकेतल्या जनुकशास्त्रज्ञांच्या महाविद्यालयानं २०१३ मध्येच सांगून टाकलं की गर्भपातासाठी ती करू नका. २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अलाइफ-२ या चाचणीत, आनुवंशिक गुठळी-प्रवृत्ती आणि वारंवार गर्भपात असलेल्या ३२६ स्त्रियांपैकी हेपॅरिन घेतलेल्यांत ७२ टक्के आणि न घेतलेल्यांत ७१ टक्के जणींना जिवंत मूल झालं. हा एका टक्क्याचा फरक काही हजार रुपयांच्या तपासणीनं आणि महिनोन् महिने टोचून निळ्या पडलेल्या पोटानं विकत घेतला जातो. शरीराच्याच प्रतिपिंडांमुळे गुठळ्या आणि गर्भपात होतात त्या अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमची गोष्ट वेगळी. तिथं हेपॅरिन आणि ॲस्पिरिन खरोखर मूल वाचवतात. पण तिथंही तपासणी बारा आठवड्यांच्या अंतरानं दोनदा सकारात्मक यावी लागते, आणि दुसरी तपासणी आपल्याकडे क्वचितच होते. म्हणजे जिथं रुग्णाची हकीकत मागत नाही तिथं आपण टोचतो, आणि जिथं ती ओरडून सांगते आहे तिथं विचारत नाही.

तपासणी करायची ठरली तरी ती प्रयोगशाळेच्या दाराशी पोचेपर्यंत निम्मी बिघडलेली असते, आणि हा भाग फार कमी जणांना ठाऊक असतो. निळ्या टोपणाच्या नळीत सोडियम सायट्रेटचे ०.३ मिलिलिटर आधीच भरलेले असतात. त्यात नेमकं २.७ मिलिलिटर रक्त पडावं लागतं, नऊला एक या प्रमाणात. शीर सापडली नाही, रक्त कमी आलं, नळी पाऊणच भरली, तर सायट्रेट जास्त होतं आणि नसलेला आजार निघतो. सलाइनच्या नळीतून, हेपॅरिननं धुतलेल्या बाजूनं रक्त घेतलं, तरी तेच. आणि सगळ्यात गमतीची चूक बर्फाची. धायरीच्या किंवा वाघोलीच्या दवाखान्यातून नमुना घेणारा मुलगा नळी बर्फाच्या डब्यात घालून दुचाकीवरून शहरात आणतो, काळजी घेतल्याच्या भावनेनं. संपूर्ण रक्त गार ठेवलं की विलेब्रांड घटकाची पातळी नळीतच घसरते, आणि चांगल्या बाईच्या कागदावर विकार छापून येतो. नमुना साध्या तापमानाला, चार तासांच्या आत, रक्तरस वेगळा करून हवा. त्यानंतर गोठवून पाठवायला हरकत नाही. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. १९५७ मध्ये ती रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली आणि आज दुर्मीळ घटकांच्या निदानासाठी देशातल्या मोजक्या जागांपैकी एक आहे. पुण्याहून ती तीन-चार तासांवर आहे. म्हणजे ‘तपासणी इथं होत नाही’ हे कारण पुण्यात तरी चालण्यासारखं नाही.

मोजण्याचा मुद्दा यापुढचा. किती रक्त गेलं हे डोळ्यांनी सांगता येतं असा प्रसूतिगृहांचा पिढ्यान् पिढ्यांचा समज आहे. तो खोटा ठरला आपल्या शेजारीच, बेळगावात. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या गटानं प्रसूतीच्या वेळी मांडीखाली पसरायचा, खाली नरसाळ्यासारखा निमुळता होत जाणारा, खुणा केलेला प्लास्टिकचा पडदा वापरला. २००६ मध्ये छापलेल्या त्यांच्या तुलनेत नजरेचा अंदाज पडद्याच्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. एक तृतीयांश रक्त नजरेतून सुटत होतं. त्याच घराण्यातला पडदा आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत वापरून, त्याला लगेचच्या उपचारांची जोड देऊन, ई-मोटिव्ह चाचणीनं २०२३ मध्ये तीव्र रक्तस्राव आणि त्याचे परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाल्याचं दाखवलं. बेळगावच्या पडद्याचा मला अभिमान वाटतो, सीमाप्रश्न बाजूला ठेवून. पण पडदा एक तास पसरलेला असतो. त्यानंतरच्या चाळीस दिवसांचं माप कुणी घेत नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या बंग पती-पत्नी आणि सहकाऱ्यांनी ३९ गावांतल्या ७७२ स्त्रियांना घरी जाऊन पाहिलं तेव्हा बाळंतपणाच्या वेळच्या तक्रारी १७.७ टक्के जणींत होत्या, आणि नंतरच्या काळातल्या ४२.९ टक्के. बाळंतपणाच्या वेळी जास्त रक्त गेलेल्या ३.२ टक्के, तर नंतर उशिरानं रक्तस्राव झालेल्या १५.२ टक्के. यांतल्या बहुतेक जणींना जंतुसंसर्ग, राहिलेली वार, अशक्तपणा अशी साधी कारणं असणार. मला त्यांच्यावर दुर्मीळ विकार लादायचे नाहीत. पण घरात गेल्याशिवाय हे दिसत नाही, एवढं त्यातून पक्कं होतं. आशाताईंच्या घरभेटी याच गडचिरोलीच्या अनुभवातून देशभर आल्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. भेट मुख्यतः बाळासाठी असते. वजन बाळाचं, ताप बाळाचा. आणि कोथरूडच्या किंवा खराडीच्या सोसायटीत पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या बाळंतिणीकडे तर आशाताईही येत नाही.

त्यात आपली माहेरची रीत. सातव्या-आठव्या महिन्यात डोहाळजेवण उरकून पहिलटकरीण माहेरी जाते. तपासणी पुण्यात, बाळंतपण बार्शीला किंवा कऱ्हाडला, नाहीतर उलट. रीत वाईट नाही. पाळीचा पूर्वेतिहास ज्या बाईला माहीत आहे ती, म्हणजे आई, त्या घरात असते. पण फाइल सासरी राहते आणि आई माहेरी, आणि दोघींची गाठ पडत नाही. बाळंतीण खोलीत असते, शेक घेते, डिंकाचे-अळिवाचे लाडू खाते, आणि अनेक घरांत तिला पाणी मोजून दिलं जातं, पोट सुटेल म्हणून. इथून आपण रक्ताच्या दुसऱ्या टोकाला येतो. बाळंतपणानंतर रक्त गुठळ्या करायला अधीर असतं. कॅलिफोर्नियातल्या सोळा लाखांहून अधिक बाळंतिणींच्या नोंदींवरून २०१४ मध्ये दिसलं की पहिल्या सहा आठवड्यांत गुठळीचा धोका एरवीच्या जवळजवळ अकरा पट असतो आणि सातव्या ते बाराव्या आठवड्यातही दुपटीहून जास्त राहतो. मेंदूतल्या शिरेत अशी गुठळी झालेल्या बाळंतिणी भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी गेल्या शतकापासून मोठ्या संख्येनं पाहिल्या आहेत. रक्तक्षय, जंतुसंसर्ग आणि पाणी तोडल्यानं आटलेलं शरीर यांकडे त्यांनी बोट दाखवलं आहे. अशा बाळंतिणीची पहिली तक्रार डोकं दुखण्याची असते. घरात ती ‘वारं लागलं’ या खात्यात जाते, दवाखान्यात ‘पाठीत सुई दिली होती ना’ या खात्यात. पाठीतल्या सुईचं डोकं उठून बसल्यावर दुखतं आणि आडवं झाल्यावर उतरतं. गुठळीचं डोकं आडवं झालं तरी उतरत नाही, वाढत जातं, नजर धूसर होते, झटका येतो. हा फरक सांगायला एमआरआय लागत नाही, विचारावं लागतं. निदान झाल्यावर हेपॅरिन आणि पुढं वॉर्फरिन देता येतं. दोन्हींवर अंगावर पाजायला हरकत नसते. गरोदरपणात मात्र वॉर्फरिन टाळतात, कारण ते वारेतून बाळापर्यंत पोचतं.

एक सोपा तोडगा लोक सुचवतात: सगळ्यांनाच ट्रानेक्झॅमिक ॲसिड द्या, मग विकार शोधत कशाला बसायचं? या औषधाबद्दल मला आदरच आहे. जपानमधल्या उताको ओकामोतो यांनी पतीबरोबर ते १९६० च्या दशकात शोधलं ते बाळंतिणींचा रक्तस्राव डोळ्यांसमोर ठेवूनच. त्या २०१६ मध्ये गेल्या, आणि त्यांचं म्हणणं खरं ठरवणारी वूमन चाचणी २०१७ मध्ये छापून आली: २१ देशांतल्या वीस हजारांवर स्त्रिया, रक्तस्रावानं मृत्यूचं प्रमाण १.९ वरून १.५ टक्क्यांवर, आणि तीन तासांच्या आत दिलं तर आणखी फायदा. पण ते गुठळी विरघळू देत नाही, एवढंच करतं. जी गुठळी धड बनलीच नाही तिचं रक्षण काय करणार? फायब्रिनोजेन २०० च्या खाली उतरलेल्या बाईला क्रायो किंवा फायब्रिनोजेनच लागतं. विलेब्रांडच्या मध्यम-तीव्र रुग्णाला तो घटक लागतो. बाळंतपणानंतर एक ते चार महिन्यांत कधीकधी शरीर स्वतःच्याच फॅक्टर आठविरुद्ध प्रतिपिंड तयार करतं. काल निरोगी असलेल्या बाईच्या मांडीवर, पाठीवर मोठमोठे काळेनिळे डाग पडतात, आणि नवऱ्यानं मारलं का, अशी कुजबुज सुरू होते. तिची एपीटीटी एकटीच लांबलेली असते. निरोगी रक्तरस मिसळून लगेच पाहिलं तर ती सुधारल्यासारखी दिसते, आणि ३७ अंशांवर दोन तास ठेवून पाहिलं की पुन्हा लांबते. तिला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आणि वळसा घालून रक्त गोठवणारे घटक लागतात. रक्ताच्या पिशव्या चढवत राहिल्यानं ती बरी होत नाही. सरसकट औषध हा पहिल्या तासाचा उपाय आहे. दहाव्या दिवशी आणि तिसऱ्या महिन्यात नाव कळल्याशिवाय हात चालत नाही.

सगळ्यात गंभीर आक्षेप वैद्यकीय नाही. ‘घराण्यात रक्ताचा आजार आहे का’ हा प्रश्न सासूसमोर विचारला की त्याचं उत्तर बदलतं. सुनेच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचं असतं. कागदावर नाव लिहिलं गेलं तर ‘दोष आमच्या सुनेत’ हे वाक्य तयारच असतं. अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणूनच हा प्रश्न टाळतात, आणि त्यांचं भय खोटं नाही. शिवाय चुकीचा शिक्काही बसू शकतो. रक्तगट ओ असलेल्यांत विलेब्रांडची पातळी इतरांपेक्षा साधारण चतुर्थांशानं कमीच असते. तेवढ्यावरून रुग्ण ठरवणं हा अन्याय आहे. यावर माझं म्हणणं असं की प्रश्न घराण्यापासून सुरू करूच नये. तो तिच्यापासून सुरू करावा, ती एकटी असताना, आणि शरीराबद्दल: दाढ काढल्यावर किती वेळ रक्त आलं, भाजी चिरताना कापलं की किती वेळ धरून बसावं लागतं, पाळी किती दिवस. अशा प्रश्नांना गुण देणारी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. त्यात प्रौढ स्त्रीचे सहा किंवा अधिक गुण झाले तरच पुढं जायचं. सगळ्यांच्या तपासण्या करायच्याच नाहीत. घराणं नंतर येतं, आणि येतं तेव्हा पूर्ण यावं. तीव्र दुर्मीळ उणिवा बहुधा आईवडील दोघांकडून एकेक दोष आल्यावर दिसतात, आणि नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या मामाच्या मुलीशी होणाऱ्या लग्नांची सविस्तर मांडणी केली आहे. ती लग्नं कमी झाली, संपलेली नाहीत. म्हणजे दोष सुनेत शोधणाऱ्या सासूचाही त्यात निम्मा वाटा असू शकतो. हे मी सासूला ऐकवण्यासाठी लिहीत नाही, पण कधीतरी सांगावंसं वाटतं खरं. हिमोफिलिया ‘पुरुषांचा’ समजला जातो, पण तो वाहून नेणाऱ्या स्त्रियांपैकी साधारण एक तृतीयांश जणींची स्वतःची पातळीही कमी असते. हिमोफिलियाच्या एका प्रकारात कमी असणारा फॅक्टर नऊ तर गरोदरपणात वाढतही नाही.

नाव वेळेत कळलं की बाकीचं काम कंटाळवाणं वाटावं इतकं शिस्तीचं आहे. शेवटच्या तिमाहीत पातळी पुन्हा पाहायची. शंभरात ५० च्या वर असेल तर पाठीतली सुई चालते, नसेल तर आधी घटक द्यायचा किंवा भूल दुसऱ्या पद्धतीनं द्यायची, कारण पाठीच्या कण्यात साठलेलं रक्त पायांची ताकद घेऊन जातं. बाळालाही विकार असू शकेल तर व्हॅक्यूम आणि चिमटा टाळायचा, नाळेतलं रक्त तपासायला घ्यायचं, मांडीत खोल सुया द्यायच्या नाहीत. रक्तपेढीला आठवडाभर आधी कळवायचं, कारण क्रायो उणे १८ अंशांखाली असतं आणि एकदा वितळवलं की काही तासांतच वापरावं लागतं. ऐन रात्री मागून ते पळत येत नाही. घरी जाताना ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस. यांतलं काहीही पुण्यात अशक्य नाही, आणि ससूनपासून खासगी रुग्णालयांपर्यंत हे करणारे हात आहेत. राज्याचा माता-मृत्यूदर २०१८-२० मध्ये लाखामागे ३३ वर आला, देशाचा ९७ होता. मोठी, ठळक कारणं जसजशी आटोक्यात येतील तसतशी उरलेल्या मृत्यूंत आडवळणाची कारणं जास्त दिसणार. ‘दुर्मीळ’ या शब्दाचं वजन म्हणूनच वाढत जाणार आहे.

आणि वेळ शोधावी लागत नाही, ती आपल्या रीतीतच आहे. सव्वा महिना झाला की बाळंतीण पहिल्यांदा उंबरठा ओलांडते. त्याच सुमाराला बाळाचा दीड महिन्याचा डोस असतो. सहाव्या आठवड्यापर्यंत विलेब्रांडची, फॅक्टर आठची, फायब्रिनोजेनची पातळी आपल्या मूळ जागी आलेली असते, म्हणजे गरोदरपणाचा पडदा बाजूला झालेला असतो. ती महापालिकेच्या दवाखान्यात किंवा बालरोगतज्ज्ञाच्या बाकावर बाळ मांडीवर घेऊन बसलेली असते, शेजारी बहुतेकदा तिची आई. बाळाच्या कार्डावर लसीचा शिक्का पडतो, मांडीला बर्फ लावायला सांगतात, आणि पुढचं नाव पुकारलं जातं. ‘तुझं अंगावरून जायचं थांबलं का, आणि कधी थांबलं?’ एवढं त्या बाकावर विचारता येतं. उत्तर ‘अजून थोडं थोडं जातंय’ असं आलं, तर त्याच टेबलावर निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरून घेता येते. बर्फ फक्त बाळाच्या मांडीला.